शिदोरीतील वीज

प्रवासास निघणाऱ्याने रिकाम्या हाताने घर सोडू नये, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ मुलखात तर ही केवळ रीत नव्हती. ती निकडच होती. नाणेघाट चढून वर देशावर जायचे म्हटले की वाटेत ना दुकान, ना खाणावळ. म्हणून तांदळाची भाकरी, चटणी, कांदा आणि पाण्याने भरलेला भोपळा एवढे सामान घेऊन मनुष्य पहाटेच घराबाहेर पडे. वाटेत रात्र पडण्याचा संभव असेल तर हाती कंदील असे. आणि निघण्यापूर्वी तो हलवून पाहून आत तेल किती आहे ते अजमावले जाई.

आज त्याच मुलखातला प्रवासी निघतो तेव्हा त्याच्या पिशवीत आणखी एक जिन्नस असतो. दिसायला तो साबणाच्या चपट्या वडीसारखा. हातात घ्यावा तर अपेक्षेपेक्षा जड लागतो. त्यास पॉवर बँक म्हणतात. नाव इंग्रजी खरे. पण त्यातली कल्पना शेतकऱ्याच्या मुलाला नवी नाही. सुगीत कणगी भरून ठेवावी आणि पावसाळ्यात तिच्यातून मापाने धान्य काढावे, तशी ही विजेची कणगी होय. घरी असताना ती भरून घ्यायची आणि जिथे विजेची तार पोहोचलेली नाही तिथे तिच्यातील वीज मोबाईलला, लहानशा दिव्याला किंवा कॅमेऱ्याला पुरवायची.

शहापूरजवळ, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भातसा नदीच्या काठी सापगाव आहे. मुंबईला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा ह्याच भातसेचा. वरच्या धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच वाहत खाली पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून ते मुंबईकडे नेले जाते. धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉट क्षमतेचे वीजघरही आहे. पाणी आणि वीज अशी दोन्ही दाराशी असूनही आषाढातल्या एखाद्या वादळी रात्री कुठे तरी तारेवर फांदी पडते आणि सारा परिसर काळोखात बुडून जातो. अशा रात्री घरोघरी पहिला प्रश्न निघतो तो हाच : "कोणाच्या मोबाईलला चार्जिंग आहे का?"

सापगावातील एका घरात मात्र हा प्रश्न कधी फारसा ऐकू येत नाही. त्या घरातील काकांचे शहापूरच्या बाजारात दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. मिक्सर, पंखे, मोबाईल, जे येईल ते ते उघडून पाहतात. त्यांच्या पुतण्याला, सातवीत शिकणाऱ्या धाकट्याला, शाळा सुटल्यावर ह्या दुकानात जाऊन बसण्याचा भारी नाद. नववीतली ताईदेखील अधूनमधून येते. पण तिचे लक्ष वस्तूंपेक्षा काकांच्या बोलण्याकडे अधिक.

त्या दुकानाच्या फळीवर काकांनी एक जुनी विजेरी जपून ठेवली आहे. तीन सेल घालायची, पत्र्याची, लांब नळीची. गावाकडे आजही 'बॅटरी' म्हटले की पुष्कळांना हीच आठवते. त्या विजेरीतला सेल ही जॉर्ज लेक्लांशे ह्या फ्रेंच संशोधकाने १८६६ साली तयार केलेल्या घटाची सुधारलेली आवृत्ती. जस्ताची डबी, मधोमध कार्बनची कांडी आणि भोवती काळा लगदा. सेल संपला की मुले तो फोडून आतली काळी कांडी काढून घेत आणि तिने भिंतीवर रेघोट्या ओढत. हात काळे होत आणि पाठीवर धपाटे बसत. पण कांडी कोणी टाकून देत नसे. त्या सेलमध्ये एकच उणीव होती. तो एकदा संपला की संपला. आंब्याची कोय चोखून झाल्यावर तिच्यात पुन्हा रस भरता येत नाही, तसेच ते.

पॉवर बँकेतील सेलची गोष्ट निराळी आहे. तिच्यात लिथियम नावाच्या अतिशय हलक्या धातूचे विद्युतभारित कण असतात. सेलच्या एका बाजूस ग्रॅफाइटचे पापुद्रे आणि दुसऱ्या बाजूस धातूचे संयुग. आपण चार्जिंगला लावतो तेव्हा बाहेरून आलेल्या विजेच्या जोराने हे कण ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत नेऊन बसवले जातात. तेथे ते स्वखुशीने बसत नाहीत. वाट मोकळी होताच ते परत आपल्या जागी धाव घेतात, आणि त्यांच्या ह्या परतीबरोबर बाहेरच्या तारेतून वीज वाहू लागते. ह्या कल्पनेवर अनेकांनी वर्षानुवर्षे खपून १९९१ साली जपानमध्ये असे सेल प्रथम बाजारात आणले. त्या कामाचा पाया घालणाऱ्या स्टॅनले व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो ह्या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयाच्या मनुष्यास नोबेल मिळाल्याचे दुसरे उदाहरण तोपर्यंत नव्हते.

हे सारे डोळ्यांनी दिसत नाही म्हणून समजायला अवघड वाटते. पण शहापूर तालुक्यातील मुलांना ह्याचेच एक प्रचंड उदाहरण जवळ आहे. तालुक्याच्या सीमेवर, सह्याद्रीच्या कड्याच्या माथ्यावर, अकोले तालुक्यात घाटघर येथे एक जलाशय आहे आणि कड्याच्या पायथ्याशी शहापूर तालुक्यातील चोंढे गावाजवळ दुसरा. विजेची मागणी कमी असते तेव्हा पंपांनी खालचे पाणी वर चढवतात. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून त्यावर वीज निर्माण करतात. २००८ साली सुरू झालेल्या ह्या प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॉट आहे. पाणी चढवताना जेवढी वीज खर्ची पडते तेवढी उतरताना परत मिळत नाही. तरीही अडीनडीच्या वेळी हाताशी वीज असावी म्हणून हा व्यवहार परवडतो. सेलमध्ये लिथियमचे कण चढतात-उतरतात, आणि चोंढ्याला पाणी चढते-उतरते. एका तासात तो प्रकल्प पूर्ण क्षमतेने जेवढी वीज देईल, तेवढी साठवायची झाली तर खिशातल्या सुमारे ६७ लाख पॉवर बँका भराव्या लागतील!

हा ६७ लाखांचा हिशोब ताईने केला होता. त्याची रीत अशी. बँकेच्या पाठीवर १०,००० मिलिॲम्पिअर-तास असे लिहिलेले असते. आतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्ट. दोहोंचा गुणाकार करून १,००० ने भागले की ३७ वॉट-तास येतात. घरच्या वीजबिलात आपण ज्याला एक युनिट म्हणतो ते १,००० वॉट-तासांचे असते. म्हणजे एका युनिटात अशा २७ बँका भरतील. ९ वॉटचा एक दिवा जेमतेम चार तास चालावा एवढीच काय ती बँकेची पुंजी. घरी भिंतीतील खुंटीला तार लावली की वीज किती आली, किती गेली ह्याची कोणी विचारपूस करीत नाही. ती चिंता बिल आल्यावर, आणि तीही वडीलधाऱ्यांनी करायची!

"मग एवढ्यात मोबाईल दोनदा तरी भरेल ना?" धाकट्याने एकदा विचारले.

"कागदावर भरतो," काका म्हणाले. "पण बँकेतून मोबाईलमध्ये जाताना विजेचा दाब बदलावा लागतो. त्यात काही वीज उष्णता होऊन जाते. हात लाव, कोमट लागते की नाही? घागरीतले पाणी तांब्यात ओतताना थोडे सांडतेच. दीड वेळ भरला तर समाधान मानावे."

त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने एक फुगलेली बँक आणून दिली होती. ती कित्येक दिवस मोटारीच्या काचेखाली उन्हात पडून होती. काकांनी ती मुलांना लांबूनच दाखवली. असा सेल टोचला किंवा ठेचला तर आतून पेट घेतो आणि सहजासहजी विझत नाही. म्हणूनच विमानात पॉवर बँक सामानाच्या पेटीत ठेवू देत नाहीत. प्रवाशाने ती जवळच बाळगावी लागते, आणि विशेष परवानगी नसेल तर तीही १०० वॉट-तासांच्या आतलीच. फुगलेला सेल कचऱ्यात किंवा नदीत टाकणे हा तर निव्वळ अविचार. तो अशा वस्तू गोळा करणाऱ्यांकडेच गेला पाहिजे.

माघ महिन्यात, शाळेला जोडून दोन दिवसांची सुटी आली तेव्हा काकांनी नाणेघाटात एक मुक्काम करण्याचे ठरवले. बरोबर त्यांचे एक स्नेही आणि ही दोन भावंडे. तांदूळ, डाळ, पातेले, पांघरुणे अशी बांधाबांध झाली. शेवटी काकांनी काठोकाठ भरलेली पॉवर बँक धाकट्याच्या हाती दिली आणि एक लहानशी वहीही दिली.

"ही बँक तुझ्या ताब्यात. तिच्यावर चार ठिपके आहेत. एकेक ठिपका म्हणजे पाव भाग. एक ठिपका माझ्या मोबाईलला, एक रात्रीच्या दिव्याला, आणि दोन राखीव. डोंगरात कोणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, तर राखीव कामाला येते. कोणी काय घेतले ते वहीत लिहीत जा. बँक म्हटली की पासबुक आले!"

धाकट्याची छाती फुगली. सापगावातून मुरबाड आणि मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने टोकावडे, वैशाखरे अशी एस. टी. चालली होती. ताई खिडकीपाशी डुलक्या घेत होती. धाकट्याजवळ फोटो काढण्यासाठी घरचा जुना मोबाईल दिलेला होता. त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. एक डाव, दुसरा डाव असे करता करता मोबाईल विझू लागला. तेव्हा त्याने तार काढून तो बँकेला जोडला आणि खेळ पुढे चालू ठेवला. वैशाखऱ्याच्या पुढे उतरताना त्याने पाहिले, तर चार ठिपक्यांपैकी तीनच पेटत होते. वही त्याने पिशवीच्या तळाशी सारली.

घाटाची वाट आधी रानातून आणि मग खडकातून जाते. हा काही आजकालचा रस्ता नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल ह्याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. वर पोहोचल्यावर दगडाचा एक मोठा रांजण दिसतो. त्यात जकात गोळा करीत, असे सांगतात. वाटेच्या कडेला खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. पावसाळ्यात डोंगरावर कोसळणारे पाणी धरून ठेवावे आणि उन्हाळ्यातल्या तहानलेल्या वाटसरूला ते मिळावे, म्हणून कोणी तरी छिन्नी-हातोड्याने ती खणली. मनुष्य साठवण करायला केव्हापासून शिकला हे पाहायचे असेल तर तेथील एक ओंजळ पाणी हाती घ्यावे.

माथ्याच्या थोडे अलीकडे मोठे लेणे आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. यज्ञांच्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणेची ती नोंद. किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी, ह्या सर्वांचे आकडे त्यात आहेत. भारतात अंकांच्या ज्या अतिशय जुन्या खुणा सापडतात, त्यांत ह्या लेखातील अंकांची गणना होते. लेण्याच्या भिंती धुराने काळवंडू नयेत म्हणून काकांनी चूल बाहेर लांब मांडली. मशाल किंवा कंदील आत आणायचा नाही, असेही बजावले. काळोख पडू लागला तेव्हा बँकेला जोडलेला एक वॉटचा छोटा दिवा आत ठेवण्यात आला. त्याला ना धूर, ना काजळी. तिरप्या उजेडात ती अक्षरे एकदम उठून दिसू लागली.

"पाहा, दानाचासुद्धा हिशोब लिहून ठेवला आहे," ताई म्हणाली.

धाकट्याने भिंतीकडे पाहिले आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

काकांचा मोबाईल संध्याकाळी बँकेवर थोडा भरून झाला होता. तो बंद करून ठेवण्यापूर्वी त्यांनी बँकेची कळ दाबली. दोन ठिपके पेटले.

"चारांतून एक गेला. तीन हवेत," ते म्हणाले. "वही काढ पाहू."

वहीत एकच ओळ होती : काकांचा मोबाईल, एक ठिपका. काकांनी बँक उलटसुलट करून पाहिली, तिचा कोमटपणा तळहाताने अजमावला. "सेल थकलेला दिसतो. माझीच चूक. निघण्यापूर्वी तपासून घ्यायला हवी होती. थकलेला सेल दोन ठिपके दाखवतो आणि ऐन वेळी एकाएकी विझतो. आता हिच्यावर विसंबता येणार नाही. दिवा जरा वेळाने मालवू."

धाकटा काही बोलला नाही. बोलण्याची गरजही नव्हती. दोष सेलवर गेला होता आणि सेलला तोंड नव्हते.

इतक्यात बाहेर घोंगडीची आणि काठीची चाहूल लागली. एक उतारवयाचे धनगरबाबा लेण्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. त्यांचा वाडा खाली कोकणात, भातकापणी झालेल्या खाचरांत उतरला होता. दरवर्षी पावसाळा सरला की ते पारनेरकडून मेंढरे घेऊन घाट उतरतात. शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतात, शेताला खत मिळते आणि धनगराला धान्य. पावसाळ्याच्या तोंडी पुन्हा घाट चढायचा. ह्या सात-आठ महिन्यांत डोक्यावर छप्पर नाही, मग विजेची खुंटी कोठली!

"दादा, जरा एक काम होतं," ते काकांना म्हणाले. हातात बटणांचा लहान मोबाईल होता. "लेकीला जुन्नरला दवाखान्यात नेलंय. बाळंतपणाला. सकाळपासनं खबर न्हाई. खाली घळीत रेंज लागत न्हाई, म्हणून वर आलो, तर ह्यो मेला. जरा जीव येईल का ह्याच्यात?"

डोंगरात असे नेहमी होते. जिथे रेंज नसते तिथे मोबाईल स्वस्थ बसत नाही. तो सारखा मनोऱ्याचा शोध घेत राहतो, आणि त्या शोधातच त्याची शक्ती संपते. म्हणून जाणते प्रवासी अशा जागी मोबाईल बंद तरी ठेवतात किंवा त्याचा शोध थांबवून तरी ठेवतात. बाबांना हे कोणी सांगितले नव्हते. रस्त्यावरच्या चहावाल्याकडे चार पैसे देऊन त्यांनी परवा तो भरून आणला होता.

काका लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांच्याऐवजी दुसरे कोणी असते तरी म्हणाले नसते. दोन लहान मुले बरोबर, सकाळी खडकाची उतरण, आणि बँक बेभरवशाची. "बाबा, द्यायला ना नाही," ते म्हणाले, "पण ही आमची बँकच बिघडलीय. आहे तेवढीही केव्हा जाईल सांगता येत नाही. सकाळी मुलांना घेऊन उतरायचंय. माथ्यावरून चालत गेलात तर गावात कोणाकडे..."

"जातो की," बाबा म्हणाले. त्यांनी मोबाईल घोंगडीत गुंडाळला. गाव काही अगदी जवळ नव्हते, आणि चंद्रही उगवायचा होता. ते वळले.

"काका, बँक बिघडलेली नाही."

हे धाकट्याचे शब्द होते. लेण्यात ते त्याला स्वतःलाच मोठे वाटले. "एस. टी.त मी खेळत होतो. एक ठिपका मी घेतला. वहीत लिहिला नाही."

कोणी काही बोलले नाही. काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिले. मग ते पिशवी उघडून आत हात घालू लागले. "बाबा, थांबा," ते म्हणाले. "दोन ठिपके खरेच दोन आहेत. पुष्कळ झाले."

पण अडचण एवढ्याने संपली नाही. बरोबरची तार बाबांच्या मोबाईलला बसेना. नव्या मोबाईलची पिन निराळी, जुन्याची निराळी. बँक भरलेली असून तारेपायी खोळंबा झालेले प्रवासी पुष्कळ असतील. सुदैवाने काकांच्या पिशवीत दुकानातले सटरफटर सामान नेहमी असते. त्यातून एक जुन्या पिनेची आखूड तार निघाली. ती जोडताच बटणांच्या मोबाईलवर बारीकसा उजेड झाला. ताईने न सांगता दिवा मालवला.

अशा लहान मोबाईलची भूक फार थोडी असते. त्याचा सेल साधारण १,००० मिलिॲम्पिअर-तासांचा; बँकेच्या पोटात तसे दहा सेल मावतील. वीस मिनिटे भरला तरी दोन-चार वेळा बोलण्यापुरती बेगमी होते. ती वीस मिनिटे सारेजण काळोखात बसून राहिले. बाबा वाड्यावरच्या गोष्टी सांगत होते. पूर्वी घरची बातमी बाजारात भेटलेल्या माणसाकडून यायची; कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी. बाप गेल्याचे त्यांना असेच दहाव्यानंतर कळले होते. आता मोबाईल आहे, पण तो उपाशी राहतो. सूर्याच्या उन्हावर वीज तयार करणारी पाटी एका सोयऱ्याने घेतली आहे. दिवसा ती घोड्याच्या पाठीवर बांधतात. तशी एक घ्यावी, असे घरधनीण म्हणते. बघू, लोकर विकल्यावर.

तार सोडवून घेऊन बाबा बाहेर गेले. रांजणापाशी रेंज लागत होती. लेण्यातून त्यांचे शब्द कळत नव्हते. नुसता आवाज ऐकू येत होता. प्रथम तो चढा होता, मग एकदम थांबला, मग पुन्हा सुरू झाला. धाकटा गुडघ्यांना मिठी घालून वाटेकडे पाहत बसला होता. थोड्या वेळाने काठीचा आवाज परत आला.

"नात झाली," बाबा म्हणाले. "दोघी चांगल्या हायेत." मग अंधारातच त्यांनी हात पुढे करून धाकट्याच्या डोक्यावर ठेवला, आणि काकांना म्हणाले, "सकाळी उतरताना वाड्यावर या. आल्याशिवाय जाऊ नका."

ते गेल्यावर काकांनी पुन्हा कळ दाबून पाहिली. दोन ठिपके होते. त्यांतला दुसरा लुकलुकत होता. दिवा त्या रात्री पुन्हा लावला गेला नाही.

सकाळी उतरण सुखरूप पार पडली. राखीव विजेची गरज लागली नाही. खाचरात मेंढरे निघण्याच्या घाईत होती. बाबांच्या घरधनिणीने तीन दगडांच्या चुलीवर शेळीच्या दुधाचा चहा केला आणि पाहुण्यांना पितळी पेल्यांतून दिला. बटणांचा मोबाईल तंबूच्या काठीला फडक्यात बांधून टांगला होता. काकांनी बाबांना तो घळीत बंद ठेवायला आणि वर गेल्यावरच उघडायला शिकवले, आणि जुन्या पिनेची ती तार तेथेच ठेवली.

रस्त्यावर एस. टी.ची वाट पाहताना धाकट्याने वही काढली. काकांच्या मोबाईलच्या वर थोडी जागा मोकळी होती. तेथे त्याने बारीक अक्षरात लिहिले : एस. टी.तला खेळ, एक ठिपका. खाली लिहिले : धनगरबाबा. त्यापुढे किती लिहावे हे त्याला समजेना. पाव ठिपकाही गेला नव्हता. त्याने ताईला विचारले. ती मनाशी गुणाकार करू लागली, तेवढ्यात मुरबाडची गाडी आली.